लाँगफॉर्म

सोलापुरात, नव्या पेठेत एका झेरॉक्सच्या दुकानाबाहेर पाटी बघितली : ‘आधार, पॅन, बँक पासबुक व ओटीपी सोबत आणणे.’ दुपारी दोनचं ऊन, डोक्याला रुमाल, तरी थांबून पुन्हा वाचली. आत एक आजी पिशवी चाचपत होत्या. म्हणाल्या, “ओटीपी पोराकडंच ऱ्हायला की. पोरगं पुण्याला हाय.” दुकानातल्या मुलाला त्यात काही वावगं वाटलं नाही. “लावा फोन, सांगंल की त्यो,” म्हणाला. पोरानं पुण्याहून सहा आकडे सांगितले, आजींनी ते मोठ्यानं म्हटले, रांगेतल्या सगळ्यांनी ऐकले, काम झालं.

मला मात्र लाँगफॉर्मचा नाद आहे. कुणी ओटीपी म्हटलं की ‘वन टाइम पासवर्ड’ आपोआप मनात उमटतं. कुणी ‘पिन नंबर’ म्हटलं की दात आंबतात. पिनमधला एन हा नंबरचाच, त्याला आणखी एक नंबर कशाला? ‘एटीएम मशीन’चंही तेच, एम म्हणजे मशीनच. बायको म्हणते, लोकांना आधी पैसे काढू द्या, मग शिकवा.

हे दुखणं एमएस-सीआयटीच्या क्लासातलं. बारावीची सुट्टी लागली की अख्खी गल्ली त्या क्लासला. नोकरी लागो न लागो, सर्टिफिकेट पाहिजे. चपला दाराबाहेर काढायच्या, कारण आत एसी आणि कॉम्प्युटर. देवघरात जाताना सुद्धा आम्ही एवढे जपून पाय टाकत नसू. एका कॉम्प्युटरवर तिघं, त्यात माउस ज्याच्या हातात तो राजा. उरलेल्या दोघांनी काय करायचं? वही काढायची आणि सर फळ्यावर लिहितील ते लाँगफॉर्म उतरवून घ्यायचे. रॅम, रॉम, सीपीयू, यूआरएल, एचटीटीपी. मला मोडेम फार आवडायचा : मॉड्युलेटर-डिमॉड्युलेटर. जिन्यावरून उतरताना म्हणत उतरायचो. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू मात्र तेव्हाही पटलं नव्हतं. ‘वर्ल्ड वाइड वेब’ निम्म्या वेळात म्हणून होतं, मग वाचवलं काय?

पुढं वाय-फाय आलं. त्याचा लाँगफॉर्म ‘वायरलेस फिडेलिटी’, हे सगळेच सांगतात, स्पर्धा परीक्षेची पुस्तकंही. प्रत्यक्षात वाय-फायला लाँगफॉर्मच नाही. १९९९ मध्ये नावं शोधून देण्याचा धंदा करणाऱ्या एका कंपनीनं ते हाय-फायच्या चालीवर बसवून दिलं. ‘वायरलेस फिडेलिटी’ हे शेपूट नंतर जाहिरातीसाठी लावलं आणि मग काढूनही टाकलं. ब्लूटूथ तर डेन्मार्कचा दहाव्या शतकातला राजा, हाराल्ड. विखुरलेल्या डॅनिश टोळ्यांना त्यानं एकत्र आणलं, म्हणून फोन आणि कॉम्प्युटर जोडणाऱ्यांनी त्याचं टोपणनाव उचललं. ती निळी खूण म्हणजे त्याच्या नावाची आद्याक्षरं, जुन्या रून लिपीतली, एकात एक अडकवलेली. हे मी रिक्षावाल्यालाही सांगितलंय. त्यानं ऐकून घेतलं, गाणं बदललं.

पण क्लासच्या कितीतरी आधी एक शब्द मला कळला होता, फक्त त्याचं नाव ठाऊक नव्हतं. मोबाईल अधूनमधून सांगतो ना, सिक्युरिटी पॅच आलाय, तो पॅच.

आत्तीचे यजमान, आमचे मामा, पूर्व भागात चादरीच्या कारखान्यात कामाला होते. सुट्टीत मी डबा घेऊन जायचो. कारखान्यात शिरलं की बोलणं संपायचं. खटखटाट एवढा की मामा हातानंच ‘जेवलास का’ विचारायचे. मागाच्या वर, छताजवळ, जॅकार्ड. त्यात पुठ्ठ्याच्या कार्डांची दोऱ्यानं ओवलेली माळ फिरत असायची. प्रत्येक कार्डावर भोकं. भोक असेल तिथली सुई आत जाते, तिचा हूक वर जातो, ताण्याचा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथला धागा खालीच. धोटा एकदा गेला की माळ पुढं सरकते, पुढचं कार्ड. अशी शेकडो कार्डं सरकली की खाली चादरीवर मोर. कधी एखादं भोक चुकून जास्तीचं पडलेलं असायचं. मग प्रत्येक मोराच्या मानेत त्याच जागी तोच पांढरा टिपका. मामा माग थांबवायचे, माळेवरून बोट फिरवत नेमकं ते कार्ड शोधायचे आणि भोकावर कागदाचा तुकडा चिकटवायचे. खळ मी धरायची. पुढचा मोर स्वच्छ.

हे जॅकार्ड १८०४ च्या सुमाराचं, फ्रान्समधल्या ल्योनचं. इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणिती यंत्राच्या आराखड्यात हीच कार्डं घेतली, आणि त्याच्या स्नेही गणितज्ञ एडा लव्हलेसनं १८४३ मध्ये लिहून ठेवलं की जॅकार्डचा माग जशी फुलंपानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल. सुरुवातीच्या कॉम्प्युटरवाल्यांनीही कार्डांवरची, कागदी फितींवरची चुकीची भोकं तुकडे चिकटवूनच बुजवली. पॅच तो हाच. मामांना बॅबेज ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मालकाचा मुलगा पुढं कॉम्प्युटरवर डिझाइन काढायला लागला, तेव्हा मामा त्याच्या खुर्चीमागं उभे राहून स्क्रीनकडं बघत म्हणाले होते, “इथं एक घर जादा पडलंय बघ.” खरंच पडलं होतं.

मामा २०२१ मध्ये गेले, दुसऱ्या लाटेत.

नंतर आत्तीच्या एका योजनेची ई-केवायसी करायची वेळ आली. मी लॅपटॉप घेऊन तिच्याकडं गेलो. तिचा आधार नंबर टाकला, ओटीपी आला, टाकला. पुढच्या पानावर पती किंवा वडिलांचा आधार नंबर मागितला, त्यांच्या मोबाईलवर ओटीपी येईल म्हणाला. मामांचं सिम आम्ही केव्हाच बंद केलेलं. वडील म्हणजे माझे आजोबा. ते गेले तेव्हा आमच्या गल्लीत लँडलाइनही एकच होता. तिसरा पर्याय त्या पानावर नव्हता. मी उगीच पान रिफ्रेश करत बसलो. पुढं मृत्यूचे दाखले जोडायची सोय झाली आणि ते काम मार्गी लागलं, पण ते पुढं.

आत्ती शेजारी बसून शेंगा सोलत होती. “के-वाय-सी म्हंजी काय रं?”

नो युवर कस्टमर, अगदी जिभेवर आलं होतं.

“तुझी ओळख पटवायचीय, आत्ती.”

“कुनाला?”