चूर्ण खात बसलो आणि आतडं बंद पडलं (माझा अनुभव)

चार-पाच महिने पोट नीट साफ होत नव्हतं, मधूनच रक्त दिसायचं, म्हटलं मूळव्याध असेल, वडिलांना होती, काकांना होती, मग रोज रात्री गरम पाण्यातून चूर्ण आणि वर एरंडेल. वजन सहा किलो उतरलं तर लोक म्हणायचे बारीक झालास, छान दिसतोस. मीही खूश!

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं फुगलं. तीन दिवस संडास नाही आणि वारासुद्धा सरत नव्हता (साध्या बद्धकोष्ठात निदान तो तरी सरतो, हे मला नंतर कळलं). संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. कॅज्युअल्टीत एक्सरे, नाकातून नळी, पाण्याचा थेंबही बंद, मग सीटी स्कॅन. डावीकडे सिग्मॉइडला (मोठ्या आतड्याचा गुदाशयाआधीचा भाग) गाठ, रस्ता पूर्ण बंद. सर्जन म्हणाले मागचं आतडं इतकं ताणलंय की कधीही फुटेल. रात्री दीडला बायकोने सही केली.

शुद्धीवर आलो तर पोटावर पिशवी. मी चिडलो, गाठ काढलीत तर तिथल्या तिथे जोडायला काय झालं? सरांनी समजावलं, गाठ उजवीकडे असती तर बहुतेक वेळा लगेच जोडतात, पण डावीकडे, तेही फुगलेलं मळाने भरलेलं आतडं, जोड लीक झाला तर जिवावर बेततं. म्हणून खालचं टोक शिवून आत ठेवलं, वरचं पोटातून बाहेर काढलं, मळ तिथून पिशवीत. याला हार्टमन म्हणतात, 1921 पासूनची पद्धत. काही ठिकाणी आधी स्टेंट (जाळीची नळी) टाकून आतडं मोकळं करतात आणि मग सवडीने ऑपरेशन, पण त्या रात्री तिथे ती सोय नव्हती.

पिशवीशी मी महिनाभर भांडलो. पोटाला चिकटवायच्या चकतीचं भोक मोठं कापलं की कातडी सोलवटते, पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, नाहीतर वजनाने सुटते. कुठे सुटली ते विचारू नका, लग्नाची पंगत होती.

रिपोर्टमध्ये आतड्याजवळच्या 18 लसिकाग्रंथींपैकी (लिम्फ नोड) 2 मध्ये कॅन्सर, म्हणजे तिसरी स्टेज. केमोच्या आठ सायकल, दर 21 दिवसांनी सलाइन आणि 14 दिवस गोळ्या. या केमोमुळे गार वस्तू सोसत नाही, फ्रिजमधलं दूध काढायला गेलो तर बोटांना करंट बसल्यासारखं व्हायचं, मग दूध काढायचं काम मुलाकडे.

एक गोष्ट मलाही माहीत नव्हती, रस्ता बंद असल्यामुळे गाठीच्या पलीकडचं आतडं दुर्बिणीने कुणी बघितलंच नव्हतं. जोडायच्या आधी स्टोमातून (पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) कोलोनोस्कोपी म्हणजे दुर्बिणीची तपासणी केली, एक छोटा पॉलिप (आतड्याच्या आतला कोंब) निघाला, तो तिथेच काढला.

दहाव्या महिन्यात आतडं जोडलं. सगळ्यांचं जोडतातच असं नाही, बऱ्याच जणांची पिशवी कायम राहते. चौथ्या दिवशी पहाटे वारा सरला. मी बायकोला उठवून सांगितलं, तिने सिस्टरला, सिस्टरने राउंडला आलेल्या सरांना, आणि शेजारच्या कॉटवरचे आजोबा म्हणाले, "अभिनंदन, आता चहा मागा."