सतरा नंबर फॉर्म भरून दहावी, वय वर्षं 39

दहावी नाही म्हणून कंपनीच्या कँटीनमधून पुढं कुठं सरकताच येईना. सुपरवायझरची जागा निघाली तर माझ्याच हाताखाली शिकलेली पोरगी वर गेली, ती बारावी होती एवढंच. तेव्हा लेकीने मोबाईलवर बघून सांगितलं, आई सतरा नंबर फॉर्म भर, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा अर्ज, जास्तीत जास्त वयाची अट नाहीये. घरी अभ्यास करायचा आणि मार्चमध्ये बाकीच्या पोरांबरोबर बोर्डाचे तेच पेपर द्यायचे.

अभ्यासाचं टेन्शन होतंच पण खरा घाम काढला शाळा सोडल्याच्या दाखल्याने. संपर्क केंद्राच्या, म्हणजे जिथं फॉर्मचे कागद द्यायचे त्या शाळेतला क्लार्क म्हणाला दाखला आणा मग बोलू. मी नववीतच घरी बसलेली, दाखला काढायचा कुणाला सुचलंच नव्हतं, मग एक खाडा करून माण तालुक्यातल्या गावी गेले. तिथल्या बाईंनी सुतळीने बांधलेलं जनरल रजिस्टर काढलं आणि बोट फिरवत फिरवत माझं नाव सापडलं, माहेरचं नाव, अक्षरात लिहिलेली जन्मतारीख, आणि शाळा सोडण्याचं कारण, 'सतत गैरहजर'. त्या वर्षी पाऊस नव्हता, आई रोजगार हमीवर खडी फोडायला जायची आणि धाकटा भाऊ माझ्या कडेवर. असो.

ज्यांचा दाखला हरवलाय त्यांना दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र चालतं. आणि आधारवर सासरचं नाव असलं तरी फॉर्मवर दाखल्यावरचंच नाव टाका, मार्कशीट त्याच नावाने येते, नंतर नोकरीला लग्नाचं सर्टिफिकेट जोडायचं.

पुस्तकं लेकीचीच जुनी. बीजगणितात जीएसटीची गणितं आली तेव्हा बरं वाटलं, कँटीनची बिलं बघून बघून ते सगळं पाठ होतं, भूमितीची प्रमेयं मात्र नुसती घोकली. तोंडी परीक्षा आणि प्रकल्पाचे मार्क संपर्क केंद्राची शाळा देते हे मला कुणी सांगितलंच नाही, जानेवारीत एका पोराकडून कळलं आणि पळत गेले, तेव्हा दर पंधरा दिवसांनी स्वतःच जाऊन विचारत जा. पेपरला मागच्या बाकावरचा पोरगा म्हणतो, काकू पट्टी आहे का जास्तीची? होती.

54 टक्के पडले. मग महास्वयमवर, म्हणजे सरकारच्या नोकरीच्या वेबसाईटवर नाव नोंदवलं, त्याला आधारला लिंक असलेला मोबाईल जवळ ठेवा, ओटीपी येतो. तिथूनच रोजगार मेळाव्याचं कळलं, दोन ठिकाणी वय बघून फाईल परत दिली, तिसऱ्याने स्टोअरमध्ये घेतलं, पगार कँटीनपेक्षा थोडाच जास्त आहे पण पीएफ कापतात.

आता जाऊबाई मागे लागल्यात. त्यांना म्हटलं फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघतात, नंतर लेट फी बसते, पण दाखल्याला आत्ताच जा, मे महिन्यात शाळेला कुलूप असतं.