न झिजता जुने झालेले

वस्तू वापरली की झिजते आणि झिजली की निकामी होते, हा आपल्या घरांतला जुना हिशेब संगणकाच्या प्रोसेसरला, म्हणजे सारी आकडेमोड करणाऱ्या त्याच्या मुख्य चिपला, लागू पडत नाही. त्याच्यात हलणारा एकही भाग नसतो. पंखा अडकतो, हार्डडिस्क घरघरू लागते, मदरबोर्डवरचे, म्हणजे सारे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवरचे, कपॅसिटर फुगतात, वीज पुरवणारा एसएमपीएस मृगाच्या पहिल्या कडकडाटात जातो. प्रोसेसर मात्र बहुधा धडधाकट राहतो आणि धडधाकट असतानाच बाद ठरतो. असे बाद ठरलेले बरेच प्रोसेसर परभणीतल्या माझ्या घरी बुटांच्या एका खोक्यात पडून आहेत.

ते मी जमवले असे म्हणणे खरे होणार नाही. ते येत गेले. २००१ साली एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि मराठवाड्यात तालुक्याच्या गावोगावी, बसस्थानकासमोर किंवा एखाद्या कापड दुकानाच्या माडीवर, संगणकाचे वर्ग निघाले. त्या वर्गांनी पुढे यंत्रे बदलली, तेव्हा उतरवलेले सामान ‘सर, तुम्हाला यातलं कळतं’ एवढ्या एका कारणावरून माझ्या ओसरीवर येऊन पडले. घरच्यांनी त्यातले मॉनिटर आणि कॅबिनेट वेळीच बाहेर काढले. प्रोसेसर लहान असल्यामुळे वाचले.

खोक्यातला सर्वांत ज्येष्ठ इंटेलचा ४८६ आहे. तो १९८९ साली आला आणि त्यात सुमारे १२ लाख ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे सूक्ष्म खटके, होते. त्याच्या शेजारी १९९३ चा पेंटियम आहे. ३१ लाख ट्रान्झिस्टरांचा हा प्रोसेसर आरंभी ६० आणि ६६ मेगाहर्ट्झ वेगाने चालत असे, आणि त्याच्या घडणीत ज्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते ते विनोद धाम पुण्यात जन्मलेले आहेत. काडतुसासारख्या काळ्या पेटीतला पेंटियम ३ पाहून तर नव्या पोरांना हा प्रोसेसर आहे हेच पटत नाही. या साऱ्यांना कालबाह्य म्हणताना मला १९९९ हे साल आठवते. त्या वर्षाच्या आरंभी पेंटियम ३ बाजारात आला होता. तरी वर्षअखेरीस अंतराळवीरांनी हबल दुर्बिणीत जो नवा संगणक बसवला, त्यात ४८६ होता. अवकाशातल्या किरणोत्सारात टिकणारी, पारखून घेतलेली चिप तेथे हवी होती. तिचा वेग हा तेथे दुय्यम प्रश्न होता.

आपल्याकडे मात्र वेगाचाही प्रश्न राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या सुधारणा, संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर स्वीकारत नाही. म्हणजे कालपर्यंत पीक विम्याचे अर्ज भरणारा, सातबारा छापून देणारा सातव्या पिढीचा संगणक एका तारखेने म्हातारा झाला. त्यात विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घातली तर पत्रव्यवहार आणि इंटरनेटचे काम तो पुढेही मुकाट्याने करील. पण गिऱ्हाईक ‘विंडोज नाही का?’ असे विचारते आणि तिथेच विषय संपतो.

जुन्याचा पुनर्वापर आम्हाला शिकवावा लागत नाही. आमच्याकडे फाटक्या लुगड्याची वाकळ होते, आणि वाकळेत कोणतेही लुगडे कोणत्याही धोतराशेजारी बसते. प्रोसेसरचे तसे नाही. ४७८ पिनांचा पेंटियम ४ मदरबोर्डवरच्या त्याच्याच सॉकेटात, म्हणजे खाचेत, बसणार. त्यानंतरच्या ७७५ च्या सॉकेटात तर पिना प्रोसेसरवरून निघून मदरबोर्डावर गेल्या. जोडीचा मदरबोर्ड मेला की उत्तम प्रोसेसर बेवारस होतो. बाकीच्या सामानाचे नशीब यापेक्षा बरे आहे. कॅबिनेटचा पंखा १२ व्होल्टवर चालतो, त्यामुळे भारनियमनात तो बॅटरीवर लावून उन्हाळ्याच्या रात्री काढलेली घरे मी पाहिली आहेत. हार्डडिस्कमधले चुंबक इतके जोरकस असतात की बोट सापडले तर रक्त साकळते. टीव्हीएस गोल्डचा खटखट वाजणारा कीबोर्ड मराठी टंकलेखन करणारे अजूनही शोधत येतात. कॅबिनेटचा पत्रा भंगारात जातो, आणि आमच्या भागातले लोखंडी भंगार बहुधा जालन्याची वाट धरते. तेथील कारखाने ते वितळवून सळया करतात. ज्या पत्र्याआड कधी काळी मुले टंकलेखन शिकली, तो पत्रा आज एखाद्या स्लॅबमध्ये असणे सहज शक्य आहे.

प्रोसेसरकडे भंगारवाल्याचे लक्ष जाते ते सोन्यासाठी. जुन्या चिनी मातीच्या प्रोसेसरवर सोन्याचा मुलामा असतो ही गोष्ट खरी. पण तो इतका पातळ असतो की एका प्रोसेसरमागे हाती यायचे ते थोडेसे मिलिग्रॅमांत मोजावे. तेवढ्यासाठी परसात तेजाब ओतून पिवळट धूर काढणे हा मला निव्वळ वेडेपणा वाटतो. जुन्या बोर्डांच्या डागकामात शिसे असते, जाड काचेच्या मॉनिटरमध्ये तर ते किलोच्या हिशेबात असते, आणि हे सारे शेवटी आपल्याच विहिरींकडे झिरपते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जायला हवा. नियम योग्य आहे. मात्र आमच्या गल्लीत ‘भंगाऽऽर’ अशी आरोळी देत येणारा हातगाडा रोज येतो आणि नोंदणीकृत माणूस कधीच येत नाही, ही अडचण नियमाने सुटलेली नाही. हार्डडिस्क तर मी कोणालाच तशीच देत नाही. तिच्यावर कोणाच्या लग्नाचे फोटो असतात, कोणाच्या जमिनीची कागदपत्रे असतात. तबकडीला ड्रिलने आरपार भोक पाडल्यावरच ती घराबाहेर जाते.

खोक्यापुरता माझा निर्णय झाला आहे. ४८६, पहिला पेंटियम आणि काडतुसातला पेंटियम ३ शेजारच्या जिल्हा परिषद शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी राखायचे. जळालेले बोर्ड, रॅमच्या तुटक्या पट्ट्या आणि नाण्याएवढ्या बॅटऱ्या पोत्यात भरून, कोणी चारचाकीने छत्रपती संभाजीनगरला निघाले की नोंदणीकृत केंद्राकडे पाठवायच्या. उरलेल्या प्रोसेसरांच्या पिना सरळ करून मी त्यांच्यावर ‘चालू’ अशी चिठ्ठी लावली आहे, कारण गेल्याच आठवड्यात लग्नपत्रिका छापणारा एक डीटीपीवाला ४७८ चा पेंटियम ४ मागायला आला होता. त्याचे जुने मराठी फॉन्ट विंडोज एक्सपीवरच चालतात, आणि तुळशीचे लग्न झाले की त्याला मान वर करायला फुरसत नसते.