तुम्ही विचारलंत म्हणून : मशीन वाजतं तेव्हा आम्ही धावत का येत नाही

"सिस्टर, मशीन केव्हाचं वाजतंय, बघत का नाही?" बेळगावच्या आयसीयूत अकरा वर्षं हेच ऐकतेय. अथणी-गोकाककडचे लोक "अक्का, नोड्री" म्हणतात. प्रश्न तोच.

बघतो हो आम्ही. बोट गार पडलं, बोटाला लावलेला चिमटा म्हणजे प्रोब सरकला, पेशंट खोकला, छातीवर चिकटवलेला इलेक्ट्रोड सुकला, तरी वाजतंच. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रुग्णालयात मोजदाद झाली, २०१४ मध्ये छापून आली : खाटेमागे रोज ऐकू येणारे १८७ अलार्म, आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे जे तपासले त्यांतले जवळपास ८९ टक्के खोटे. अशानं कान मरतो. यात निष्काळजीपणा नाही, असं मी ठणकावून सांगायची.

मग ते खानापूरकडचे आजोबा आले. पहाटेचे तीन. बोटं थंडगार, त्यामुळे सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा, अलार्म सारखा वाजत होता. चार वेळा गेले, बोट चोळलं, प्रोब बदलला. दर वेळी आकडा ठीक. पाचव्या वेळी हातात ट्रे होता, शेजारच्या पेशंटचं इंजेक्शन राहिलं होतं. जाता जाता, स्क्रीनकडे न बघता, सायलेन्स दाबलं. दोन मिनिटं आवाज बंद. फरशी पुसणाऱ्या मावशींनी हाक मारली म्हणून वळले. मास्क हनुवटीखाली, ओठ निळे, सॅच्युरेशन ६१. श्वासाची नळी घालावी लागली. नऊ दिवसांनी आजोबा घरी गेले. जाताना नातवानं माझ्या हातात कुंद्याचा डबा ठेवला. डॉक्टरांना सगळं सांगितलं होतं मी, त्याला नाही सांगितलं.

पुढे वर्षभर दिसेल त्या मॉनिटरवर सॅच्युरेशनची खालची मर्यादा, जिच्याखाली गेलं की वाजतं ती, ९० वरून ९४ केली. गोंगाट तेवढा वाढला. पेशंटची झोप गेली आणि आमचे कान आणखी मेले. ती चूकच होती. पण तेव्हाच्या त्या घाबरलेल्या मला मी आजही मूर्ख म्हणणार नाही.

आता रोज स्पंज झाल्यावर इलेक्ट्रोड बदलतो, डॉक्टरांना विचारून प्रत्येक पेशंटच्या मर्यादा ठरवतो. आवाज खरंच कमी झालाय. जागतिक आरोग्य संघटना वॉर्डात रात्री ३० डेसिबल म्हणते. आमच्याकडे नुसतं स्टूल सरकवलं तरी त्याच्या वर जातं.

तरी फार वेळ काहीच वाजलं नाही की मी उठून फेरी मारते. नव्या मुली विचारतात, "सिस्टर, डॉक्टर खालची मर्यादा ८८ चालेल म्हणालेत, करू का?" मी आधी खाटेपाशी जाते, पेशंटचं बोट हातात धरून बघते. कधी हो म्हणते. कधी डॉक्टरांना पुन्हा फोन लावते.