तुम्ही विचारलंत म्हणून: अठ्ठावीस डिग्रीत काय उकडतं?

दर उन्हाळ्यात एकदा तरी हा प्रश्न येतोच. घरच्या ग्रुपवर मी नुसतं "आज फार उकडतंय" एवढं लिहायचा अवकाश, नागपूरहून आत्याचा आवाज हजर: "काहून वं, अठ्ठावीस डिग्रीत का मरून राहिली तू? आमच्या इथं अठ्ठावीस झालं तर आम्ही स्वेटर शोधतो!" मागे कूलरची घरघर ऐकू येत असते. आत्याच कशाला, पुण्याची वहिनी, शाळेतल्या मैत्रिणी, इथे नव्याने आलेली मराठी मुलं, सगळ्यांना हेच कुतूहल. नागपूरची पोर आणि लंडनच्या उन्हाळ्याला घाबरते?

आधी कबूल करते, पहिली काही वर्षं मीही हसायचे. लंडनमध्ये लागोपाठ तीन दिवस पारा २८ ला पोचला की हवामान खात्याच्या लेखी ती उष्णतेची लाट. उत्तरेकडे तर २५ पुरेत. आपल्याकडे मैदानी भागात ४० झाल्याशिवाय लाटेचं नावही निघत नाही. ऑफिसात लोक टेबलावरचे इवलेसे पंखे लावून सुस्कारे टाकायचे आणि मी मनात म्हणायचे, या एकदा मे महिन्यात सीताबर्डीवर.

मग आम्ही लंडनच्या हॅरो भागात घर घेतलं. शंभरेक वर्षांपूर्वीचं, विटांचं, वर माळ्यावर केलेली झोपायची खोली. २०१८ च्या उन्हाळ्यात त्या खोलीने माझं हसू कायमचं बंद केलं.

त्याचं असं आहे, की आकडा बाहेरच्या हवेचा असतो आणि आपण राहतो घरात. नागपूरचं घर उन्हाशी भांडायला बांधलेलं. खिडकीवर छज्जा, खाली फरशी, डोक्यावर पंखा, खिडकीला कूलर. इथलं घर उन्हाला बोलवायला बांधलेलं. वर्षातले आठ महिने त्याची गरजच ती. खिडकी भिंतीच्या कडेला, वर आडोसा नाही, बाहेरून झडपा नाहीत, जमिनीवर गालिचा, छतात पंख्याचा हूक शोधूनही सापडायचा नाही. काचेतून ऊन आत येतं आणि उष्णता आतच राहते. हिवाळ्यात हेच घर आपल्याला किती मायेने धरून ठेवतं असं वाटतं. जुलैत तीच माया गळा धरते.

शिवाय सूर्यही वेगळा. मे महिन्याच्या अखेरीस नागपूरला एक दिवस शून्य सावलीचा येतो, सूर्य थेट डोक्यावर. म्हणजे तो तापवतो छप्पर. लंडनचा सूर्य जूनमध्येसुद्धा भर दुपारी कलता असतो, आणि मावळायला रात्रीचे सव्वानऊ वाजवतो. संध्याकाळी सात-आठला तो पश्चिमेच्या खिडकीतून सरळ पलंगावर येऊन बसतो. रात्री दहाला अंधार पडेपर्यंत भिंती तापलेल्या, आणि पहाटे पावणेपाचला साहेब पुन्हा हजर. घर निवायला वेळच मिळत नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून, गाद्या टाकून झोपलेल्या माणसाला हे घर म्हणजे झाकण लावलेला डबा वाटतो.

एसी का नाही लावत, हा पुढचा प्रश्न. मीही हुशारी केली. चाकांवर ढकलायचा, जाड नळीवाला एसी आणला. नळी खिडकीतून बाहेर काढायची. आमच्या खिडक्या बाहेर उघडणाऱ्या. नळी काढली की उरलेल्या फटीतून तीच गरम हवा परत आत. उशीचे अभ्रे कोंबून, चिकटपट्ट्या लावून पाहिलं. खोली दोन डिग्री उतरली आणि आवाज असा, की नवरा म्हणाला, त्यापेक्षा आपण विमानतळावरच झोपू.

२०२२ साली मात्र गंमत संपली. १९ जुलैला लिंकनशायरमधल्या कोनिंग्जबीला ४०.३ नोंदलं गेलं. ब्रिटनमध्ये चाळिशी पहिल्यांदाच ओलांडली. हीथ्रोला ४०.२. अतिउष्णतेचा लाल इशारा देशात प्रथमच दिला गेला होता. आदल्या दिवशी ल्यूटन विमानतळाच्या धावपट्टीचा तुकडा उष्णतेने बिघडला आणि उड्डाणं थांबली. लंडनच्या पूर्व कडेला वेनिंग्टन गावात वाळलेल्या गवताची आग घरांपर्यंत पोचली. लंडनच्या अग्निशमन दलासाठी तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा सगळ्यात धावपळीचा दिवस ठरला. त्या संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा नागपूरला पाऊस पडत होता. "तुमच्याकडे चाळीस?" तिने दोनदा विचारलं. तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

रेल्वेचं ऐका, म्हणजे सगळं लक्षात येईल. इथले रूळ साधारण २७ डिग्रीचा हिशोब धरून ताणून बसवलेले असतात. रूळ स्वतः तेवढे तापले, की त्यांच्यावर ना ताण, ना दाब. उन्हात रूळ हवेपेक्षा वीसेक डिग्रीने जास्त तापतात. म्हणजे हवा तिशीत गेली की रूळ पन्नाशीत, फुगायला जागा शोधणारे. म्हणून गाड्या हळू चालवतात आणि काही ठिकाणी रुळांना पांढरा रंग फासतात. लोक रेल्वेला नावं ठेवतात, मीही ठेवते. पण जास्त ऊन धरून बसवले तर जानेवारीच्या थंडीत ते आकसून तुटायची भीती. कुठेतरी आकडा धरावाच लागतो. या देशाने २७ धरला आहे, फक्त रुळांचा नाही. घरं, शाळेचे लोकरी कोट, ऑफिसची वेळ, सगळं त्याच मापाचं. कामाच्या जागी किमान किती ऊब हवी याची मार्गदर्शक मर्यादा आहे, १६ डिग्री; कमाल किती तापलं तर घरी जा, याची कायद्यात मर्यादाच नाही.

आणि भुयारी रेल्वे! शंभर वर्षांपूर्वी उन्हाळ्यात थंडगार जागा म्हणून तिची जाहिरात व्हायची. खोल बोगद्यांभोवतीच्या चिकणमातीने एवढ्या वर्षांची उष्णता पिऊन घेतली, आता ती पीत नाही. सेंट्रल लाइनच्या डब्यात जुलैमध्ये एकदा प्रवास करा, मग आत्याला उत्तर द्यायला माझी गरज नाही.

तर मी करते काय? नागपूरचंच करते, आणि गंमत म्हणजे ते इथल्यांना नवं वाटतं. इकडे ऊन पडलं की लोक आनंदाने सगळ्या खिडक्या सताड उघडतात, भर बारा वाजता. वारा येऊ दे म्हणतात. अहो, तो वारा नाही, झळ आहे! शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहतात. २०२२ च्या त्या सोमवारी, १८ जुलैला, त्यांच्या खिडक्या उघड्या दिसल्या तशी मी जाऊन बेल वाजवली. त्यांनी मला १९७६ ऐकवलं: तेव्हा पंधरा दिवस रोज कुठे ना कुठे पारा बत्तिशीपार होता, काही भागांत रस्त्यावरच्या नळावरून पाणी भरावं लागलं, लेडीबर्ड किड्यांचे थवेच्या थवे आले, सरकारने दुष्काळासाठी खास मंत्री नेमला आणि थोड्याच दिवसांत पाऊस कोसळला. "आम्ही काढलं ते, हे काय!" हुबेहूब आत्या. मी ऐकून घेतलं आणि मग खिडक्या लावल्या, पडदे ओढले. रात्री दहानंतर दोघींनी पुढच्या-मागच्या खिडक्या उघडल्या. त्यांच्या जुन्या, वरखाली सरकणाऱ्या खिडक्या तर माझ्यापेक्षा शहाण्या: वरची फळी खाली ओढायची, खालची वर, गरम हवा वरून जाते आणि गार खालून येते. बांधणाऱ्याला ठाऊक होतं, राहणारे विसरले.

त्या दिवशी मी बेल का वाजवली, हेही सांगते. इथे उन्हाने माणूस रस्त्यात कोसळत नाही. बंद घरात, खुर्चीत, एकटा, दोन रात्री झोप न मिळालेला असा जातो. २०२२ च्या उन्हाळ्यातल्या लाटांत इंग्लंडमध्ये २,९८५ जास्तीचे मृत्यू झाल्याचा सरकारी अंदाज आहे, आणि त्यात म्हातारी माणसं फार. म्हणून आता "अठ्ठावीस काय ते" या विनोदावर मी पूर्वीसारखी हसत नाही.

बाकी, वेम्ब्लीच्या ईलिंग रोडवर कैऱ्या मिळतात, पन्ह्याची बाटली फ्रिजमध्ये असते. माठ आणायचा राहिलाय. झोपताना ओला पंचा पंख्यासमोर टांगते. कूलरचं हे गरीब भावंड, पण हवा कोरडी असेल तर काम करतं. माळ्यावरच्या तिरप्या खिडकीला बाहेरून पांढरं कापड बांधलंय. शेजाऱ्यांना ते वाळत घातलेलं धोतर वाटतं, वाटू दे.

तर आत्या, तुम्ही सगळ्यांनी विचारलंत म्हणून एवढं लिहिलं. खरं सांगू, तूच ये जुलैत. माळ्यावरची खोली तुझ्यासाठी मोकळी ठेवते. आणि स्वेटर आण, विसरू नकोस, कारण तिसऱ्या रात्री विजा कडाडतील आणि चौथ्या दिवशी इथे सतरा डिग्री असेल.