आरेतला एक दिवस

आज पाचवीच्या पोरांना घेऊन मुंबईतल्या आरेच्या जंगलातल्या एका वारली पाड्यावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, गेले होते. गोरेगाव स्टेशनपासून अर्ध्या तासावर, आणि वर्गातल्या बहुतेकांनी पाडा हा शब्द फक्त पुस्तकात वाचलेला!

एका आजींनी टाकळ्याची कोवळी पानं खुडून दाखवली. पावसाळ्यात उगवणारी ही रानभाजी, फुलं यायच्या आत खुडायची. मग बांबूची काडी घेतली, टोक दातांनी चावून मऊ केलं, तांदळाच्या पिठात बुडवलं आणि गेरूच्या भिंतीवर दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून काढले. माणूस तयार! मुलं श्वास रोखून बघत होती. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नासाठी भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र, पूर्वी सुवासिनीच लिहायच्या, हेही आजींनीच सांगितलं. हो, चित्र 'लिहायचं'. मला हा शब्द फार आवडला.

वाघोबाच्या, म्हणजे वाघदेवाच्या, शेंदूर लावलेल्या दगडापाशी एकाने विचारलं, "आजी, बिबट्याची भीती नाही वाटत?"

"तो त्याच्या वाटेनं जातो बाळा, आपण आपल्या."

२०२० मध्ये इथली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली तेव्हा आनंद झाला होता. आज त्या जंगलात राहणारी माणसं भेटली.

बसमध्ये शेवटच्या बाकावरची सगळीच वहीत त्रिकोण काढत होती.