'वास कॉस्टेट दास'च्या पुढचं जर्मन

पुण्यात ए-टू या प्राथमिक पातळीपर्यंत जर्मन शिकून मी जर्मनीत कार्ल्सरूहला आले, तेव्हा 'वास कॉस्टेट दास?' (हे कितीला?) असा भाव विचारणं मला अगदी सफाईने जमत होतं. पण दुकानात ते फारसं लागतच नाही. किंमत पाटीवर लिहिलेली असते आणि घासाघीस कोणी करत नाही. कस लागला तो खोली शोधताना.

जाहिरातीत दोन भाडी दिसायची. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं. वार्ममीटे म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा वगैरे नेबेनकॉस्टेन धरून. यात सगळं आलं असं वाटतं, पण वीज बहुतेक वेळा वेगळीच. म्हणून 'इस्ट डेअर श्ट्रोम ड्रिन?' (वीज यात आली का?) हे घोकलं. त्याच्या जोडीला 'कॉम्ट दा नोख वास दात्सू?' म्हणजे वर अजून काही पडणार का? आणि 'आइनमालिश ओडर मोनाटलिश?', एकदाच की दरमहा? पैशांच्या बाबतीत माझं निम्मं जर्मन या तीन प्रश्नांवर चालतं.

डिपॉझिटला काउत्सिओन म्हणतात. कायद्याने ते जास्तीत जास्त तीन काल्टमीटे एवढं, आणि तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्कच आहे. तरी 'कान इश इन राटेन त्सालेन?' (हप्त्यांत देऊ का?) विचारताना मला उसने मागितल्यासारखं वाटत होतं. घरमालकीणबाई 'नाटूरलिश' (अर्थातच) म्हणाल्या आणि लगेच पुढच्या विषयाला लागल्या.

आकड्यांचा मात्र मला त्रास झाला नाही. वर्गातली इंग्रजी माध्यमाची मुलं 'झीबेनउंडत्स्वान्त्सिश' ऐकून 72 लिहायची. मला ते सरळ सत्तावीस ऐकू यायचं, आधी सात, मग वीस. (2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसऐवजी 'वीस सात' आलं तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! जर्मनांना तो लगेच कळला असता.) लिहिताना मात्र जपावं लागतं. तिथे 1.200 म्हणजे बाराशे, आणि दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम.

मग रुंडफुंकबायट्रागचं पत्र आलं. सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिना 18.36 युरो. घरात टीव्ही नसला तरी भरायची. इथे 'वोफ्यूर इस्ट दास?' (हे कशाचे?) कामी आलं. ती माणशी नसते, घरटी असते. आम्ही तिघींनी एकीच्या नावावर भरली आणि वाटून घेतली.

हॉटेलात 'त्सुझामेन ओडर गेट्रेंट?' विचारतात, एकत्र की वेगवेगळं. 'गेट्रेंट' म्हणायला कुणालाच संकोच नसतो. वेटरला उरलेले सुटे ठेवायला सांगायचं तर 'श्टिम्ट झो'.

सध्या जास्त लागतो तो दाताच्या डॉक्टरांकडचा प्रश्न: 'त्साल्ट दास दी कासे?' विमा हे भरतो का? दात नुसते तपासायचे असतील तर उत्तर बहुधा 'या', म्हणजे हो. साफ करून घ्यायचे म्हटलं की आधी दरपत्रक पुढे येतं.